सौद्याला बसलेली ग्रामसभा

मेंढा (लेखा) गावाचं नाव निघालं की पाठोपाठ घोषणा निघते: 'मावा नाटे, मावा राज'. आमच्या गावात आमचं राज्य. घोषणा खरी आहे आणि जुनी आहे, पण स्मरणिकेत तिच्याच भोवती लिहीत राहिलं तर ग्रामसभा नावाच्या या संस्थेचा निम्मा इतिहास बाहेर राहतो. राज्य कोणाचं हे गावाने ठरवलं ते ऐंशीच्या दशकात. माल कोणाचा, भाव कोण ठरवणार आणि पैसे बुडाले तर कोणाला धरायचं, हे ठरायला त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं गेली. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तीसेक किलोमीटरवर हे गोंड वस्तीचं छोटं गाव. शंभराच्या आत-बाहेर घरं, जवळून कठाणी नदी आणि तिन्ही बाजूंना जंगल. पूर्वी हा सगळा मुलूख चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. जंगल जमीनदारीत होतं तेव्हा निस्ताराचा हक्क होता: घरासाठी लाकूड, जळतण, बांबू, चराई. १९५१ च्या सुमारास जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारकडे आलं. निस्तार कागदावर उरला आणि प्रत्यक्षात तो मिळायचा वनरक्षकाच्या मर्जीने.

त्याआधीच, १९४५ साली, बल्लारपूरला वर्धा नदीच्या काठी कागद कारखान्याची स्थापना झाली होती. कारखान्याला बांबू लागतो आणि बांबू गडचिरोलीच्या जंगलात. मग सरकारने कारखान्याला वर्षानुवर्षांचे करार करून दिले. या करारात पक्ष दोनच, सरकार आणि कंपनी. ज्या गावाच्या शिवारातून बांबू जायचा ते गाव करारात कुठेच नव्हतं. गावकरी होते, पण मजूर म्हणून. बांबू तोडायचा, दोन मीटरचे तुकडे करायचे, बंडल बांधायचं आणि बंडलामागे जो दर मिळेल तो घ्यायचा. मोजणीत मारलं गेलं, कोवळा बांबू तोडून रान नासलं, घराच्या कुडाला बांबू उरला नाही, तर तक्रार कोणाकडे करणार? भांडायलासुद्धा आधी पक्षकार असावं लागतं. गाव पक्षकार नव्हतं, म्हणून तंटाही नव्हता. सरकारी दप्तरात तो काळ फार शांततेचा दिसतो.

१९८४ च्या आसपास इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे, लाल श्याम शाह ही त्यातली मोठी नावं. याच धामधुमीत चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्याला येऊ लागले आणि गावातल्या देवाजी तोफांसारख्या तरुणांशी त्यांची बैठक जमली. मोहनभाऊंचा आग्रह भाषणांचा नव्हता, अभ्यासाचा होता. अभ्यासगट बसवायचा, प्रश्न मांडायचा, माहिती काढायची, निर्णय मात्र ग्रामसभेत घ्यायचा. आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेत.

बाहेरच्यांना ही पद्धत गांधी-विनोबांच्या वळणाची, जरा भाबडी वाटते. व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तर ती भाबडी अजिबात नाही. ठेकेदाराची जुनी रीत अशी की गावात उतरायचं, सरपंच, पाटील आणि बोलका असा एखादा गडी, एवढ्यांना बाजूला घ्यायचं, बसवायचं, पाजायचं आणि सही घेऊन जायचं. जिथे पाच जणांच्या सहीने सौदा होतो तिथे पाच माणसं फोडावी लागतात. जिथे सगळ्या गावाचं 'हो' लागतं तिथे फोडायला माणूसच सापडत नाही. सहमतीला वेळ लागतो हे खरं. पण एकदा झालेल्या सौद्यावर गावातून दुसरा सूर निघत नाही आणि घेणाऱ्याला 'तुमच्यातच एकमत नाही' म्हणून पैसे अडवता येत नाहीत.

त्याच सुमारास गावाने आणखी एक साधा नियम केला: पावती मिळाल्याशिवाय कोणालाही पैसा द्यायचा नाही. घर बांधायला लाकूड आणलं की वनखात्याच्या माणसाच्या हातावर काही ठेवायचं, ही तेव्हाची वहिवाट. आता पैसे मागितले की गाव पावती मागायचं. पावती देता येईना, म्हणून मागणं थांबलं. संस्थेच्या हिशेबी शिस्तीची सुरुवात मी इथे मानतो, २०११ साली बांबूचे परवाने मिळाले त्या समारंभात नाही. घोटुलाचं (गोंड तरुणांच्या एकत्र जमण्याच्या घराचं) लाकूड वनखात्याने उचलून नेलं आणि गावाने ते पुन्हा उभारलं, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यात जोश आहे. पावतीच्या नियमात जोश नाही, म्हणून त्याची गोष्ट कमी सांगितली जाते.

कायदा सावकाश आला. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे देतो. महाराष्ट्राने १९९७ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला, पण ज्यात खरा पैसा तो बांबू आणि तेंदू त्याच्या बाहेर ठेवले. डिंक, मोहफूल, हिरडा गावाचे. ट्रक भरून जाणारा माल सरकारचा. हा भेद पुढे २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने गेला. दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या कलम २ मध्ये गौण वनोपजाची व्याख्या आहे आणि तीत बांबू, वेत, तेंदूपान स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. मेंढ्याच्या अभ्यासगटाने हे कलम आधीच घोकून ठेवलं होतं. २००९ साली मेंढा आणि शेजारच्या मर्दा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आलं.

हक्क आला आणि लगेच पहिला व्यापारी तंटा उभा राहिला. गाव म्हणालं, बांबू आमचा, आम्ही विकतो. वनखातं म्हणालं, विका, पण वाहतूक परवाना मिळणार नाही. खात्याच्या हातात १९२७ चा भारतीय वन अधिनियम होता आणि त्यातल्या व्याख्येत बांबू हा 'झाड' होता. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बांबू गवतात मोडतो हे माहीत असतं, पण नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकला वनस्पतिशास्त्र कामाचं नसतं. परवाना नाही म्हणजे माल जागेवर पडून, आणि पडून राहणाऱ्या मालाला कोणी भाव देत नाही. हक्क गावाचा आणि नाका खात्याचा, अशी ती अडवणूक होती. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज असल्याचं कळवलं. मग २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये नियमच बदलले आणि परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. बिगर-जंगल जमिनीवरचा बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून निघायला मात्र २०१७ उजाडलं.

समारंभाचे फोटो खूप निघाले. नंतरचं काम फोटोत न दिसणारं होतं. निविदा मागवायच्या, आलेल्या निविदा सभेपुढे उघडायच्या, कोणता बांबू तोडायचा आणि कोणता राखायचा हे ठरवायचं, मजुरीचा दर बांधायचा, मजुरी खात्यावर टाकायची, मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात घ्यायचा. ग्रामसभेच्या नावाने बँक खातं, पॅन कार्ड, आयकर. गोंडी बोलणारी, अनेक जण जेमतेम सही करणारी माणसं आयकराच्या विवरणपत्रावर चर्चा करायला बसली. पहिल्या हंगामात गावाने एक कोटी रुपयांहून अधिकचा बांबू विकला. ही रक्कम वर्तमानपत्रांनी मथळ्यात घेतली. माझ्या लेखी तिच्याहून मोठी गोष्ट ही की मजुरी आणि विक्रीची रक्कम या दोन आकड्यांमधलं अंतर गावाला पहिल्यांदा कळलं. मजूर असताना आपल्या घामाचा दर तेवढा माहीत होता. मालक झाल्यावर मालाचाही दर समजला.

बांबूचा सौदा तरी सोपा म्हणायचा. माल टिकतो, भाव पटला नाही तर एखादं वर्ष थांबता येतं. तेंदूचं तसं नाही. पान एप्रिलच्या अखेरीस नाहीतर मेच्या सुरुवातीला तयार होतं आणि दोन-तीन आठवड्यांत तोडणी संपवावी लागते. एखादा अवकाळी पाऊस पडला की पानाला डाग. अशा मालाचा विकणारा नेहमी घाईत असतो आणि घेणारा निवांत. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारने हाती घेतला तो याच कारणाने, ठेकेदारांच्या लुटीला आळा म्हणून. पण सरकारी लिलावातही संकलन करणाऱ्याच्या हाती मजुरी आणि मागाहून थोडाफार बोनस एवढंच यायचं.

२०१३-१४ पासून गडचिरोलीतल्या ग्रामसभा स्वतः तेंदू विकू लागल्या आणि तंट्यांची खरी शाळा इथे भरली. फळीवर, म्हणजे पानाच्या संकलन केंद्रावर, काय चालतं ते पाहिल्याशिवाय हे समजणार नाही. बायका पहाटे जंगलात जातात, दुपारपर्यंत पानाचे भारे घरी येतात. घरातली सगळी माणसं, म्हातारी आणि पोरंसुद्धा, सावलीला बसून पानं जुळवतात. सत्तर पानांचा एक पुडा, वाखाने बांधलेला. संध्याकाळी पुडे फळीवर नेऊन ओळीने मांडायचे. फळीमुन्शी ओळीतून चालत मोजतो आणि कार्डावर आकडा घालतो. दर शंभर पुड्यांचा. इथे तंट्याच्या जागा किती, बघा. पुडा सत्तरचा की पासष्टचा? लहान पान, फाटकं पान चालणार की नाही? शेकड्यामागे चार-दोन पुडे वरचे घ्यायची जुनी खोड कोणी मोडायची? मांडल्यावर पाऊस आला तर भिजलेला माल कोणाचा? वाळवून बोद (पोती) भरल्यावर गोदामात आग लागली तर? जुन्या व्यवस्थेत या सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच होतं: मुन्शी म्हणेल ते. ग्रामसभांनी आपला माणूस मुन्शीच्या शेजारी बसवला, दोन वह्या ठेवल्या, आणि रोज संध्याकाळी दोन्ही वह्यांचा आकडा जुळवून मगच सही. निम्मे तंटे तिथेच संपले, कारण ते सुरूच होऊ दिले नाहीत.

उरलेले निम्मे पैशाचे. २०१७ च्या हंगामात तेंदूला विलक्षण भाव मिळाला. ठेकेदारांनी चढाओढीने बोली लावली, गावागावांत मोटरसायकली आल्या. त्याच वर्षी जुलैत जीएसटी लागू झाला आणि तेंदूपानावर १८ टक्के कर बसला. पुढच्या हंगामात भाव पार खाली आला. चढ्या भावाने करार केलेल्यांपैकी काहींनी माल उचलला आणि शेवटचा हप्ता दिला नाही. काही गावांना धनादेश मिळाले, ते वटले नाहीत. अनेक ग्रामसभांना स्वामित्वधनाच्या थकबाकीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा माराव्या लागल्या. तिथे उत्तर ठरलेलं: करार तुमच्यात आणि ठेकेदारात, शासन त्यात पक्ष नाही. कारखान्याच्या जुन्या करारांत गाव पक्षकार नव्हतं, आता शासन नाही!

मग कायद्याने काय करता येतं? धनादेश परत आला तर तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस वाट, आणि मग पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार. नोटिशीची मुदत हुकली की ही वाट बंद, आणि जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत ती हुकते. दिवाणी दावा करायचा तर तीन वर्षांच्या आत. रक्कम तीन लाखांवर असेल, आणि तेंदूच्या सौद्यात ती असतेच, तर दावा २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याखाली येतो. २०१८ च्या दुरुस्तीने तातडीची मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं आवश्यक झालं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे भांडण आधी बोलून मिटवायचा प्रयत्न करा, मग कोर्टात या. ग्रामसभेला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, पण त्या मध्यस्थीच्या टेबलावर ग्रामसभेच्या वतीने कोण बसणार, कोणाच्या सहीने, या प्रश्नापाशी गाडी अडते. वकील ठरावाची प्रत मागतो. ठराव नीट लिहिलेला, तारखेसह, उपस्थितांच्या सह्यांसह असेल तर काम पुढे सरकतं. मेंढ्याच्या इतिवृत्ताच्या वह्यांचं मोल इथे कळतं.

याच संदर्भात एक दूरची तुलना करतो. आपल्या बांबूचा एक प्रतिस्पर्धी चीन आहे. अगरबत्तीच्या काड्या वर्षानुवर्षं चीन आणि व्हिएतनाममधून येत होत्या. २०११ साली त्यांच्यावरचं आयात शुल्क १० टक्क्यांवर आलं, ते जून २०२० मध्ये वाढून २५ टक्के झालं. ज्या वर्षी मेंढ्याला परवान्याचं पुस्तक मिळालं त्याच वर्षी परदेशी काडी स्वस्त झाली, हा योगायोग कोणी फारसा बोलत नाही. तर नागपूर-मुंबईचा व्यापारी चिनी कारखानदाराशी करार करतो तेव्हा तंटा झाल्यास बीजिंगच्या आंतरराष्ट्रीय लवाद आयोगाकडे जायचं आणि चिनी कायदा लावायचा, अशी अट अनेकदा असते. हा आयोग १९५६ पासूनचा. तिथला निवाडा भारतात वसूल करता यावा म्हणून आपल्या सरकारने २०१२ मध्ये चीनचा समावेश मान्य देशांच्या यादीत केला. चिनी लवादाची एक खासियत अशी की जो लवाद निवाडा देणार तोच, दोन्ही पक्षांची तयारी असेल तर, मध्येच थांबून तडजोडही घडवू शकतो. त्यांच्या लवाद कायद्यातच १९९४ पासून तशी तरतूद आहे. इंग्रजी वळणाच्या आपल्या वकिलांना हे खटकतं. ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं त्याच्याच हाती निकाल कसा द्यायचा, असं ते विचारतात. ग्रामसभेला त्यात वावगं काही दिसणार नाही. तिथे समजूत घालणारे आणि ठरवणारे एकाच सतरंजीवर बसलेले असतात. फरक एवढाच की ठेकेदार त्या सतरंजीवर बसायला तयार नसतो.

म्हणून शहाण्या ग्रामसभांनी वसुलीचा प्रश्न न्यायालयावर न सोडता करारातच सोडवला. निविदेबरोबर अनामत. तोडणी सुरू होण्याआधी पहिला हप्ता खात्यात जमा. मजुरी आठवड्याला, फळीवरच. आणि शेवटचा हप्ता जमा झाल्याशिवाय वाहतूक परवाना नाही. ज्या परवान्यासाठी मेंढा दोन वर्षं भांडलं तोच परवाना आता गावाचं तारण झाला. ज्यांनी भिडेखातर किंवा 'मोठी पार्टी आहे' म्हणून आधी माल सोडला ते फसले. मोठ्या नावाचंही काही खरं नसतं. बल्लारपूर इंडस्ट्रीज, जिच्या बांबूच्या बंडलांवर इथल्या दोन पिढ्या राबल्या, ती कंपनी २०२० साली दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. अशा वेळी तारण असलेल्या बँका रांगेत पुढे असतात आणि उधार माल देणारे मागे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिने वेगळाच रस्ता काढला. पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. विजय देठे यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत होते. गावाने बांबू स्वतः तोडायचा, प्रतवारी करायची, आपल्या डेपोवरून विकायचा असं ठरवलं. तेंदू मात्र तोडायचाच नाही असा ठराव केला. तेंदूसाठी खुटकटाई (झुडपांची छाटणी) होते, रानाला आगी लावल्या जातात, झाडाला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत, आणि शेवटी पान जातं बिडीला. ठेकेदाराशी तंटा टाळायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याला गिऱ्हाईकच होऊ न देणं. सगळ्या गावांना हे परवडणार नाही. कोरची, कुरखेडा, भामरागडकडे कित्येक घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न तेंदूच्या त्या तीन आठवड्यांत येतं. पण नकार देण्याचा अधिकार हाही मालकीचाच भाग आहे, हे पाचगावने दाखवलं.

कोरची तालुक्याने तिसरी वाट धरली. एकटं गाव सौद्यात कमी पडतं, तेव्हा अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आणि तेंदूचा लिलाव एकत्र केला. ठेकेदार एका गावाला डावलू शकतो, सगळ्या तालुक्याला नाही. एका गावाचे पैसे बुडवलेल्याला शेजारच्या गावात माल मिळत नाही, हा दंड कोणत्याही हुकूमनाम्याहून लवकर वसूल होतो. इथल्या बायकांनी महाग्रामसभेत बरोबरीची जागा भांडून मिळवली, हेही नोंदवतो. पुडा बांधणारीला दर ठाऊक असतो आणि तिच्यासमोर खोटा दर सांगता येत नाही.

सगळं गोड लिहिण्याचा मोह स्मरणिकेत होतो. गडचिरोलीत आज तेराशेहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्यांतली किती गावं मेंढ्यासारखी वही ठेवतात? काही ठिकाणी करार ठेकेदारच लिहून आणतो, ठरावही त्याचाच माणूस लिहितो, सचिव सही करतो. काही ठिकाणी बोनसच्या वाटपावरून गावातच दोन तट पडले. २००७ मध्ये आर. आर. पाटलांनी सुरू केलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या बांधाची, भाऊबंदकीची भांडणं मिटवायच्या. ग्रामकोषाच्या लाखांच्या हिशेबाला ती समिती पुरत नाही. हिशेब तपासणारा माणूस गावाबाहेरचा हवा आणि हिशेब ऐकणारं मात्र सगळं गाव हवं, असं माझं मत आहे. मेंढ्याच्या जुन्या माणसांशी यावर मतभेद होऊ शकतात.

मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेंदूपानावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कर उतरला म्हणजे बोली चढणार, आणि बोली चढली की २०१७ सारखी घाई होणार. करारनाम्याच्या मसुद्यात अजून एक कलम बऱ्याच गावांत सुटलेलं दिसतं. तंटा झाला तर आधी ग्रामसभेपुढे बैठक, तिथे न मिटल्यास गडचिरोलीचं न्यायालय, एवढं दोन ओळीत लिहून ठेवावं. नाहीतर ठेकेदार गोंदियाचा, नागपूरचा नाहीतर तेलंगणातला, आणि गावाची माणसं एसटीची तिकिटं काढत त्याच्या गावच्या कोर्टात तारखा घेत बसणार. अनामतीची रक्कम, परवान्याची अट आणि हे कलम निविदा निघण्याआधीच्या सभेत वाचून दाखवलं जावं, गोंडीत.